रात्री दोन वाजता केबल कोण काढणार?

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे काही चुकीचं समजलो असेन तर लगेच कळेल. चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणारा साडेतीनशे माणसांचा कारखाना आहे. आयटीत तुम्ही धरून चौघं. गेल्या वर्षी फायरवॉल बदलली, सगळ्या मशीनवर ईडीआर, म्हणजे संशयास्पद हालचाली पकडणारं सॉफ्टवेअर, बसवलं, दर तिमाहीला फसव्या मेलची चाचणी होते. आता मोठ्या ग्राहकाच्या ऑडिटमध्ये ‘सायबर ड्रिल केली का’ असा रकाना आला आहे. एमडी साहेब म्हणतात, बाहेरची टीम बोलावून आपल्यावर खराखुरा हल्लाच करून बघू. सुरुवात कुठून करावी, असं तुम्ही विचारलं आहे.

माझं स्पष्ट मत आहे की यंदा हल्ला करवून घेऊ नका. यंदा एका टेबलाभोवती बसा.

गेली चौदा वर्षं मी असे सराव घेण्याचंच काम करतो. पुण्यातल्या सहकारी बँका, भोसरी, चाकण आणि रांजणगावचे कारखाने, दोन-तीन रुग्णालयं. बाहेरच्या टीमने हल्ला केला की एकाच प्रश्नाचं उत्तर मिळतं: आत शिरता येतं का? पुरेसा वेळ आणि पैसा दिला तर बहुतेक ठिकाणी शिरता येतं, हे मी तुम्हाला आजच फुकट सांगतो. शिरल्यानंतरच्या पहिल्या सहा तासांत तुमची माणसं काय करतील, हे मात्र तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही. ते कळायला आठ-दहा योग्य माणसं, एक खोली आणि तीन तास पुरतात. यालाच टेबलटॉप म्हणतात. नाटकवाल्यांच्या भाषेत ही वाचनाची तालीम. रंगीत तालीम नंतर येते, आणि वाचन न करता कोणी थेट रंगीत तालमीला उभं राहत नाही.

पहिल्या सरावात शोधायची गोष्ट एकच ठेवा: निर्णय कोणाचा.

तुमच्या प्रेस शॉपमध्ये प्रत्येक मशीनवर लाल बटण आहे. कोणाचा हात अडकतोय असं दिसलं तर शिकाऊ मुलगासुद्धा ते दाबतो. त्यासाठी तो कोणाला फोन करत नाही, आणि लाइन थांबली म्हणून नंतर त्याला कोणी जाब विचारत नाही. आता दुसरी रात्र डोळ्यांसमोर आणा. दोन वाजलेत, सर्व्हरवरच्या फाइलींची नावं एकामागून एक बदलत चालली आहेत. ड्युटीवर तुमचा एकटा कनिष्ठ इंजिनिअर आहे. सगळे कॉम्प्युटर जोडणाऱ्या मुख्य स्विचची केबल काढली तर हल्ला पसरणं थांबेल, पण ईआरपी (साठा, ऑर्डर, हिशेब सांभाळणारं सॉफ्टवेअर), लेबल प्रिंटिंग आणि डिस्पॅच सगळंच बंद पडेल. तो काय करेल? मी आजवर ज्या ज्या कारखान्यात हे विचारलं, तिथे आधी शांतता पसरली आणि मग उत्तर आलं, ‘तो साहेबांना फोन करेल.’ साहेब झोपलेत. उचलला तर ते म्हणतील, प्लांट हेडना विचारतो. प्लांट हेड म्हणतील, सकाळची गाडी जाऊ द्या, मग बघू. रॅन्समवेअरला, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमला, एवढा वेळ पुरून उरतो.

एका कारखान्यात, नाव घेत नाही, मी हाच प्रसंग मांडला. रात्रपाळीचे सुपरवायझर काका म्हणाले, ‘आग लागली तर मला अधिकार आहे. कॉम्प्युटरचं मला कोणी काही सांगितलेलंच नाही.’ त्या तीन तासांतलं सगळ्यात मोलाचं वाक्य तेच होतं. पुढच्या आठवड्यात तिथे एक पानी पत्र निघालं, एमडींच्या सहीचं: रात्री ड्युटीवर असलेल्या आयटी कर्मचाऱ्याला आणि शिफ्ट सुपरवायझरला मिळून नेटवर्क तोडण्याचा अधिकार आहे, शंका खोटी ठरली तरी त्यांच्यावर कारवाई होणार नाही. ते पत्र लॅमिनेट करून सर्व्हर रूमच्या दारावर लावलं. त्याखाली ठळक अक्षरांत आणखी एक ओळ होती: केबल काढा, मशीनची वीज बंद करू नका. वीज घालवली की मेमरीतला पुरावाही जातो.

आता प्रसंग कसा लिहायचा, ते. इंटरनेटवरून तयार प्रसंग उचलू नका. सरावाच्या तीन आठवडे आधी डिस्पॅच, स्टोअर, अकाउंट्स, क्वालिटी आणि एचआर या प्रत्येकाकडे अर्धा तास बसा आणि एकच विचारा: तुमचं काम उद्या सकाळी कशाने अडेल? प्रेसचे पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारे छोटे कंट्रोलर, ईआरपीशिवायही चालत राहतील, भाग बनत राहतील. पण बारकोडचं लेबल निघालं नाही, ग्राहकाच्या पोर्टलवर एएसएन, म्हणजे माल निघाल्याची आगाऊ सूचना, चढला नाही, तर बनवलेला माल गेटबाहेर जाणार नाही. ई-वे बिलाचं पोर्टल सरकारी आहे, तुमचा सर्व्हर पडला तरी ते चालूच असतं. मात्र त्याचा युजर आयडी कोणाला पाठ आहे आणि ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो? हे प्रश्न आयटीच्या खोलीत बसून सुचत नाहीत. अकाउंट्समधल्या ताई आणि स्टोअरचे काका यांच्याकडेच ते मिळतात.

एकदा व्यवस्थापन मोठ्या उत्साहात सांगत होतं की आता सगळं पेपरलेस झालं. सरावात ईआरपी ‘गेलं’ आणि कोणत्या रॅकवर काय आहे, हे कोणालाच सांगता येईना. तेव्हा स्टोअरकीपर काका उठले आणि बिन कार्डांचा, म्हणजे प्रत्येक रॅकवरच्या मालाची हाताने नोंद ठेवणाऱ्या कार्डांचा, गठ्ठा घेऊन आले. ‘बंद करा’ असं दोनदा सांगूनही त्यांनी ती लिहिणं सोडलं नव्हतं. त्या दिवसापासून तिथे बिन कार्ड अधिकृतपणे चालू आहेत.

प्रसंगाची वेळ जपून निवडा. मंगळवारी सकाळी अकराला सगळे जागेवर असतात, हल्लेखोर त्या वेळेची वाट बघत नाही. पुणेकरांना दुसरीकडचं उदाहरण द्यायची गरजच नाही. कॉसमॉस बँकेवरचा हल्ला ११ ऑगस्ट २०१८ रोजी झाला, शनिवारी. काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे निघाले. त्यानंतर सोमवारी, १३ ऑगस्टला, स्विफ्टमार्गे, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेतून, हाँगकाँगला पैसे पाठवले गेले. एकूण रक्कम सुमारे ९४ कोटी रुपये. या घटनेतली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी बाब रकमेची नाही. हल्लेखोरांनी एटीएममधून येणाऱ्या पैसे काढण्याच्या विनंत्यांना मंजुरी देणारा खोटा स्विच, म्हणजे व्यवहार पुढे पाठवणारी बनावट यंत्रणा, उभा केला होता, त्यामुळे त्या विनंत्या बँकेच्या मूळ प्रणालीपर्यंत तपासणीला पोचतच नव्हत्या. म्हणून तुमच्या प्रसंगातही असा एक क्षण ठेवा, जिथे डॅशबोर्ड हिरवा आहे आणि बाहेरून कोणीतरी फोन करून सांगतंय की काहीतरी बिघडलंय. माणसं स्क्रीनवर विश्वास ठेवतात की फोनवर, ते नीट बघा.

तुमच्यासाठी मी अनंत चतुर्दशीची रात्र निवडेन. तुमचा नेटवर्कवाला सदाशिव पेठेत राहतो असं धरा. रस्ते बंद, ढोल-ताशांत फोन ऐकू येत नाही, आणि चाकणला पोचायचं तर सकाळ होणार. एरवीसुद्धा संध्याकाळी तळेगाव-चाकण रस्त्यावर काय होतं, ते तुम्ही रोज भोगता. ‘मी अर्ध्या तासात येतो’ हे वाक्य सरावात कोणी उच्चारलं, तर त्याला तिथल्या तिथे नकाशा उघडायला लावा.

सूचना, म्हणजे ज्यांना आम्ही इंजेक्ट म्हणतो, त्या छोट्या चिठ्ठ्यांवर लिहून एकेक करून द्यायच्या. रात्री १:४०, डिस्पॅचचा ऑपरेटर म्हणतो लेबल निघत नाही. १:५५, सामायिक फोल्डरमधल्या फाइली उघडत नाहीत. २:१५, एका स्क्रीनवर खंडणीची चिठ्ठी. २:३०, कोणीतरी त्या स्क्रीनचा फोटो काढून कामगारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. ३:००, ग्राहकाच्या प्लांटमधून फोन: सहाची गाडी निघाली का? ५:१०, बॅकअपचा सर्व्हरही त्याच डोमेनमध्ये, म्हणजे त्याच लॉगिन व्यवस्थेत होता, तोही गेला. ७:००, पहिल्या पाळीची माणसं गेटवर आली आहेत आणि बायोमेट्रिक बंद आहे. आठ-दहा चिठ्ठ्या पुरे. चिठ्ठ्या जास्त झाल्या की चर्चेला वेळ उरत नाही. आणि आपल्याला ऐकायची असते ती चर्चाच.

ग्राहकाचा फोन मुद्दाम घातला आहे. १ मार्च २०२२ रोजी टोयोटाने जपानमधले आपले सगळे, म्हणजे १४, कारखाने एक दिवस बंद ठेवले; कारण होतं कोजिमा या सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीवरचा हल्ला. उलट दिशेनेही तेच होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये जग्वार लँड रोव्हरचं उत्पादन सायबर हल्ल्यामुळे काही आठवडे थांबलं, तेव्हा सर्वांत आधी श्वास कोंडला तो छोट्या पुरवठादारांचा. तुमच्या ऑडिटमध्ये हा रकाना उगाच आलेला नाही.

खोलीत कोण हवं? प्लांट हेड, डिस्पॅच, अकाउंट्स, एचआर, आयटी, कायद्याचं बघणारी व्यक्ती, आणि रात्रपाळीचा किमान एक माणूस. शेवटच्याला लोक हमखास विसरतात. एमडींना बोलवा, पण आधी एकट्यात भेटून विनंती करा की पहिला तासभर तुम्ही ‘विमानात’ आहात, काही बोलायचं नाही. ते बोलले की बाकी सगळे माना डोलावतात. प्रसंग पुढे नेणारा माणूस आयटीतला नसावा. तुम्ही स्वतः तर नकोच, कारण तुम्हाला खेळायचं आहे. आणि नोंदी घेणारी व्यक्ती वेगळी ठेवा, तिच्यावर दुसरं कुठलंही काम नको. कोण काय बोललं, किती वाजता ठरलं, कुठे सगळे गप्प झाले. ती गप्प झालेली ठिकाणंच पुढे कामाची ठरतात.

नियम दोनच. इथे चुकलेलं माणसाच्या खात्यावर जाणार नाही. आणि ‘आम्ही बघू’, ‘आयटी ते करेल’ अशी उत्तरं चालणार नाहीत. कोण करेल, कोणत्या फोनवरून, नंबर कुठे लिहिलाय, तो कागद आत्ता दाखवा. फोन नंबरांची यादी त्याच बंद पडलेल्या सर्व्हरवर आहे, हे दर वेळी निघतं, तरीही पुढच्या ठिकाणी पुन्हा निघतंच.

सरकारी बाजू सरावातच चाचपा, कारण खऱ्या रात्री ती वाचायला फुरसत नसते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात, आणि रॅन्समवेअर त्यात येतं. तेव्हा २:१५ च्या चिठ्ठीनंतर घड्याळ लावा आणि सांगा, आता तो अहवाल लिहा. पाठवू नका, फक्त लिहा. काय माहीत आहे, काय नाही, सही कोणाची. बहुतेकांचा पहिला तास ‘कळवायचं की नाही’ या वादात जातो. त्याच निर्देशांत लॉग, म्हणजे यंत्रणांनी आपोआप केलेल्या नोंदी, १८० दिवस ठेवण्याची आणि सगळ्या यंत्रणांची घड्याळं प्रमाण वेळेशी जुळवून ठेवण्याची अट आहे. ही दुसरी अट किरकोळ वाटते, पण मी एका ठिकाणी फायरवॉल, सर्व्हर आणि सीसीटीव्ही यांच्या नोंदी शेजारी ठेवल्या, तर तिघांच्या वेळांत ११ मिनिटांपर्यंत फरक होता. आधी दार उघडलं की आधी लॉगिन झालं, हे ठरवताच येईना.

पोलिसांकडे कुठे जायचं? चाकणच्या कंपन्यांमध्ये या प्रश्नावर खोली हटकून तीन गटांत विभागते: पुणे शहर, पुणे ग्रामीण आणि पिंपरी-चिंचवड. चाकण पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयात येतं. आणि पैसे दुसऱ्याच खात्यात गेल्याचा प्रकार असेल, पुरवठादाराच्या नावाने बँक खातं बदलल्याची मेल आली आणि अकाउंट्सने आरटीजीएस केलं, असा, तर सगळ्यांत आधी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आणि आपली बँक. तिथे प्रत्येक मिनिट मोलाचं असतं. सायबर विमा असेल तर पॉलिसीही टेबलावर आणा. अनेक पॉलिसींमध्ये आधी विमा कंपनीला कळवा, तपासनीस त्यांच्या यादीतलाच नेमा, अशा अटी असतात, आणि त्या आयटीने कधी वाचलेल्या नसतात.

खंडणी द्यायची का, या प्रश्नाला वीस मिनिटांहून जास्त देऊ नका. तो रात्री तीनला घ्यायचा निर्णय नव्हे. संचालक मंडळाने आपली भूमिका आधीच लिहून ठेवलेली असावी, एवढंच सरावातून निघालं तरी पुष्कळ.

शेवटचा अर्धा तास राखून ठेवा, आणि तो कोणत्याही कारणाने खाऊ देऊ नका. सगळे खोलीत असतानाच प्रत्येकाने एक सांगायचं: मला कशाची भीती वाटली? हा प्रश्न ‘काय सुधारता येईल’ यापेक्षा खूप जास्त खरं बोलायला लावतो. त्यातून कामांची यादी करा, दहाच्या वर जाऊ देऊ नका, प्रत्येक कामापुढे एका माणसाचं नाव आणि तारीख. विभागाचं नाव लिहिलं की ते काम कोणाचंच राहत नाही. चाळीस पानी अहवाल मीही सुरुवातीला लिहीत असे. दोन पानी लिहायला लागलो तेव्हापासून कामं व्हायला लागली.

टेबलटॉपनंतर तुमची खरी दुसरी पायरी म्हणजे रिस्टोअरचा, बॅकअपवरून सगळं परत उभं करण्याचा सराव, आणि यावर मी अडून बसणार. बॅकअप रोज होतो, हिरवी खूण येते, म्हणून सगळे निर्धास्त असतात. परत उभं करून कोणी बघितलेलं नसतं. एका कंपनीत व्यवस्थापनाला चार तासांत ईआरपी परत येईल अशी खात्री होती. आम्ही वेगळ्या, बाकीच्यांपासून तोडलेल्या नेटवर्कवर कोऱ्या सर्व्हरपासून सुरुवात केली आणि स्टॉपवॉच लावलं. एकतीस तास लागले. डेटा सहा तासांत आला होता; बाकी वेळ लायसन्सने खाल्ला. ते जुन्या सर्व्हरच्या हार्डवेअरला बांधलेलं होतं आणि रविवार असल्याने विक्रेत्याकडे फोन उचलणारं कोणी नव्हतं. हे कळायला खरा हल्ला लागला असता, तर काय किंमत पडली असती?

डोमेन कंट्रोलरचा, म्हणजे सगळ्यांची लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरचा, तर स्वतंत्र विचार करा. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या या घातक प्रोग्रॅमने मार्स्क या जहाज कंपनीला झोपवलं, आपल्या जेएनपीटी बंदरातल्या त्यांच्या टर्मिनलचं कामही अडलं आणि कंटेनर खोळंबले. त्यांचे जगभरातले डोमेन कंट्रोलर पुसले गेले होते. वाचला तो घानामधला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेलेली होती. त्या एका प्रतीवरून त्यांना पुन्हा उभं राहता आलं. तुमचे दोन डोमेन कंट्रोलर आहेत आणि दोन्ही एकाच खोलीत, असं तुम्हीच लिहिलं आहे. तेव्हा एक प्रत नेटवर्कपासून तोडलेली, दुसऱ्या इमारतीत. हे काम सरावाची वाट न बघता याच आठवड्यात करा.

मधल्या काळात एका रात्री, फक्त एमडी आणि एचआर यांना सांगून, साडेअकराला फोनसाखळी तपासा. किती जणांनी उचलला, किती मिनिटांत, बास. पण प्रत्येक फोनवर पहिलं वाक्य ‘हा सराव आहे’ हेच हवं. कागद, मेल, मेसेज सगळ्यांवर तेच. सरावाची अफवा ग्राहकापर्यंत खरी घटना म्हणून पोचली तर निस्तरायला फार त्रास होतो.

फसव्या मेलच्या चाचणीबद्दल एक विनंती. बोनस, पगारवाढ, दिवाळीची भेट असली आमिषं वापरू नका. महिन्याच्या शेवटी हात आखडलेल्या माणसाला बोनसची आशा दाखवून ‘तू नापास’ म्हणणं मला पटत नाही, आणि त्यानंतर तो माणूस खरी शंका आली तरी तुमच्याकडे येत नाही. क्लिक किती झाले यापेक्षा कळवलं किती जणांनी आणि किती मिनिटांत, ते मोजा.

हे सगळं झालं, यादीतली कामं पूर्ण झाली, की मग एमडींच्या मनातली टीम जरूर बोलवा. तेव्हाही आधी लपूनछपून नको. त्यांनी एकेक पाऊल टाकायचं आणि तुमच्या माणसांनी शेजारी बसून बघायचं की ईडीआरमध्ये ते दिसतं का, अलर्ट येतो का, आला तर कोणाकडे जातो. यात हल्ला करणारे आणि राखणारे दोघंही शिकतात. लेखी परवानगी, कोणत्या यंत्रणा कक्षेत आणि कोणत्या बाहेर, थांबवण्याचा शब्द, आणि तो उच्चारण्याचा अधिकार असलेल्या दोन माणसांचे नंबर, एवढं सहीनिशी असल्याशिवाय कोणालाही कीबोर्डला हात लावू देऊ नका. चालू उत्पादनातल्या पीएलसींना तर कोणत्याही परिस्थितीत नाही. तिथे बिघडलं तर फाइल जात नाही, माणसाचा हात जातो.

आणि सहा महिन्यांनी पुन्हा टेबलाभोवती बसाल, तेव्हा प्रसंग जवळपास तोच ठेवा, फक्त एक बदल करा. पहिल्या वेळी ज्याने सर्वाधिक उत्तरं दिली, त्याला या वेळी बाहेर बसवा. बहुधा ते तुम्हीच असाल. तुमचे तिघे सहकारी आणि रात्रपाळीचे काका तुमच्याशिवाय कुठपर्यंत पोचतात, ते नोंदी घेणाऱ्या व्यक्तीला लिहून घेऊ द्या, आणि यंदाची दहा कामांची यादी त्यावरून करा.